रेविनची बोट आणि मर्डोची खूण

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर फक्त दोन गमबूट दिसतात, तळवे आपल्याकडे केलेले. मागे बोटीचं उघडं झाकण. झाकणाखाली एक बाई कमरेपर्यंत उलटी शिरलेली. डावीकडे गॅरेजचं उघडं दार, त्यापलीकडे ऑगस्टअखेरचा आमचा पाऊस, जो पडत नाही, नुसता उभा असतो. उजवीकडे लाकडी खोक्यावर मी, हातात बॅटरी. आणि बोटीच्या पोटातून आवाज येतो:

"महाराज, उजेड इकडे! भिंतीवर कशाला पाडतोयस? भिंतीला बेअरिंग आहे का?"

ही रेविन पॅस्को. वय अडुसष्ट. गावच्या शाळेची बस तिने सत्तावीस वर्षं चालवली, त्यामुळे इथल्या निम्म्या लोकांना ती अजूनही "मागे बस, खिडकीतून हात आत घे" याच सुरात बोलते. मला महाराज म्हणते, कारण गावच्या हॉलमध्ये मी तीस वर्षं राजांच्या भूमिका केल्या. त्यात आदराचा अंश किती, हे तिला विचारायची हिंमत मी कधी केली नाही.

त्या दिवशी ती बोटीच्या जेटचं तेल बदलत होती. आमच्या नद्या अशा की डोंगरातून उतरल्या की त्यांना दहा फाटे फुटतात आणि गोट्यांवरून घोट्याएवढं पाणी वाहत राहतं. पंख्याची बोट तिथे पहिल्याच वळणाला दात पाडून बसते. जेटची बोट खालून पाणी ओढते, मागे फेकते आणि ओल्या दगडांवरूनसुद्धा निघून जाते. मात्र त्या जेटचा दांडा ज्या बेअरिंगवर फिरतो ते दोन मुठींएवढ्या एका पेटीत बसवलेलं असतं, आणि त्या पेटीत तेल लागतं. फार नाही, कपभर. पण ते कपभर तेल चुकलं तर सगळी बोट म्हणजे पाण्यावर तरंगणारा बाथटब.

"पिचकारी दे. ती नाही, ती केकची आहे. तिला हात लावलास तर बघ."

मी दुसरी दिली. जुनं तेल तिने तोंडाच्या भोकातून ओढून काढलं, बरणीत सोडलं, बरणी उजेडासमोर धरली. काळंही नव्हतं, दुधाळही नव्हतं. म्हणजे पाणी शिरलेलं नव्हतं. तेवढ्याने तिला बरं वाटायला हवं होतं. ती उलट चिडली.

"बघ, चांगलं तेल आहे. सील चांगलं आहे. सगळं चांगलं आहे. मग दरवर्षी मरतं कशाला हे?"

प्रश्न रास्त होता. दोन हंगामांत दोन बेअरिंगं गेली होती. पहिल्या वर्षी ऑक्टोबरात, नदीच्या मध्यावर, एक किंकाळी फोडून. दुसऱ्या वर्षी तर सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात. दोन्ही वेळा शेजारच्या सेल्विनने तिला दोर बांधून ओढत खाली आणलं होतं, आणि दोन्ही वेळा ती गोष्ट बोटीच्या आधी पबमध्ये पोहोचली होती.

दुसऱ्या वेळेनंतर तिचा मुलगा ब्रेंट क्राइस्टचर्चहून आला. चांगला मुलगा आहे, काळजी करणारा, आणि काळजी करणारी माणसं फार हट्टी असतात. माझ्यासमोर स्वयंपाकघरात तो म्हणाला, "आई, तू नदीत एकटी असतेस. वर फोन लागत नाही. तिसऱ्यांदा बंद पडली तर बोट विकायची. कबूल?"

रेविनने बराच वेळ बशी पुसली. मग म्हणाली, "कबूल." आणि त्याच्या हातात हात दिला. इथे हातात हात दिला की विषय संपतो.

बोट गेली की खोप गेली. व्हाइटबेटचा हंगाम दोन महिन्यांचा, एक सप्टेंबरपासून. काडीएवढे काचेसारखे मासे समुद्रातून नदीत चढतात आणि आम्ही सगळी शहाणीसुरती माणसं जाळी घेऊन पाण्याकडे बघत बसतो. रेविनची खोप आणि तिची पकडायची जागा नदीच्या वरच्या अंगाला, दोन फाट्यांच्या मधल्या बेटावर आहे. रस्ता नाही, वाट नाही. लग्न झाल्यापासून एकही हंगाम तिने चुकवला नव्हता. ब्रेंट पोटात असताना आठव्या महिन्यात तिथे बसून तिने दोन बादल्या मासे काढले होते, असं ती सांगते. मर्डो दीड बादली म्हणायचा.

मर्डो म्हणजे तिचा नवरा. सव्वादोन वर्षांपूर्वी मे महिन्यात गेला. बोट त्याची, हत्यारं त्याची, आणि तेल मोजायची कांडीही त्याचीच. मूळची कांडी कधीतरी नदीत पडली, तेव्हा त्याने कुंपणाच्या जाड तारेचा तुकडा घेतला, ठोकून सरळ केला, वरच्या टोकाला वेढा घातला आणि खाली कानशीने एक बारीक रेघ ओढली. त्या रेघेपर्यंत तेल आलं की पुरे. आमच्याकडे कुंपणाच्या तारेने दाराच्या बिजागरीपासून दातांच्या कवळीपर्यंत सगळं दुरुस्त होतं, त्यामुळे त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

"मर्डोची खूण," रेविन म्हणाली. नवं तेल सोडलं, तार आत घातली, बाहेर काढली, उजेडात धरली. तेल रेघेच्या किंचित खाली. तिने पिचकारीने थेंबथेंब सोडलं, फडक्याने तार पुसली, पुन्हा घातली. देवासमोर उदबत्ती लावावी इतक्या काळजीने चालू होतं सगळं. "हं. बरोबर रेघेवर. आणि तो मेकॅनिक, टिपेने, काय करतो? बेअरिंग बसवतो आणि नळ सोडल्यासारखं तेल ओततो! गेल्या वर्षी त्याच्याकडून बोट आली तेव्हा रेघेच्या बोटभर वर होतं. सगळं काढावं लागलं मला."

टिपेने हा होकिटिका गावचा मेकॅनिक. दोन्ही बेअरिंगं त्यानेच बसवली. दोन्ही वेळा तो म्हणाला होता, तेल कमी पडलंय. आणि दोन्ही वेळा रेविनने त्याच्या नाकासमोर ती तार नाचवली होती.

"रेविन," मी म्हणालो, "त्याने बिलाच्या मागे माप लिहून दिलंय ना? एक कप आणि वर पाव. मोजून घाल की."

मग तिचं डोकं बाहेर आलं. गालावर तेलाचा पट्टा, केसांत कोळ्याचं जाळं.

"महाराज, मर्डोने बावीस वर्षं या खुणेवर बोट चालवली. किती बेअरिंगं गेली?"

"एकही नाही."

"मग उजेड धर."

मी उजेड धरला. मर्डो असता तर त्याने धरला असता, आणि माझ्यापेक्षा चांगला. आमच्या नाटकमंडळीचे दिवे तोच सांभाळायचा. गावोगावच्या हॉलमध्ये प्रयोग असला की सकाळीच जाऊन फळ्यांवर खडूने फुल्या मारायचा आणि मला सांगायचा, "राजा, फुलीवर उभा राहा. उजेड तुला शोधत येणार नाही." दुसऱ्या गावी गेलो की आधीची फुली विसरायची, नवी बघायची. एवढं साधं तत्त्व मी आयुष्यभर पाळलं, आणि त्या गॅरेजात खोक्यावर बसलो असताना मला त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. याचा संताप मला अजून येतो.

त्याच दिवशी, एकतीस तारखेला, दुपारी आम्ही नदीवर गेलो. सकाळी हंगाम सुरू होणार म्हणजे आज रात्री खोपीत मुक्काम हवा. गाडीत पीठ, अंडी, लोणी, चहा, घोंगड्या. बोट मागे ट्रेलरवर. नदीत उतरायला सिमेंटचा उतार आहे, चांगला उभा, शेवाळलेला. सेल्विन आपली बोट पाण्यात सोडून काठावर थर्मास उघडून बसला होता. त्याने आम्हाला बघितलं आणि चेहरा उजळला.

"ये गं रेविन! दोर आणलाय हं. या वर्षी निळा घेतला, तुझ्या टोपीला शोभेल असा."

"तोच दोर तुझ्या तोंडाला बांध."

तिने बस वळवावी तशी एका दमात ट्रेलर उलटा उताराला लावला आणि अर्ध्यावर थांबवला. बोटीचं तोंड वर डोंगराकडे, मागची बाजू खाली पाण्याकडे. पाण्यात सोडण्याआधी ती उतरली. "एकदा बघूनच घेते," म्हणाली. दोनदा फसलेलं माणूस तिसऱ्यांदा कुलूप ओढून बघतं, तसं.

झाकण उघडलं. तार घातली. बाहेर काढली.

तार जवळजवळ कोरडी होती. टोकाला एक थेंब.

तिने ती फडक्याला पुसली, पुन्हा घातली. पुन्हा तेच. मग तिने जेटच्या पेटीखाली हात घातला, चाचपला, बोटं बाहेर काढून बघितली. स्वच्छ. वास घेतला. नुसता पावसाचा वास. वाकून ट्रेलरखाली बघितलं. सिमेंटवर तेलाचा ठिपका नाही.

"सकाळी रेघेवर होतं," ती म्हणाली. "तू बघितलंस ना? बॅटरी तूच धरली होतीस."

"बघितलं."

"मग गेलं कुठे? प्यायलं का कुणी?"

सेल्विन उठून आला. इतक्या जवळून त्याला तिचा चेहरा दिसला आणि त्याने हातातला थर्मास खाली ठेवला. रेविन ट्रेलरच्या चाकावरच्या पत्र्यावर बसली. चावऱ्या माश्या कानाभोवती घोंगावत होत्या, तिने त्या हाकलल्याही नाहीत. या बाईला मी नवऱ्याच्या अंत्यविधीला पाहिलं आहे, पुरात पाहिलं आहे. अशी बसलेली पाहिली नव्हती.

"कुठेतरी गळतंय," ती म्हणाली. "गळत असलं तर वर पोहोचायच्या आत तिसरं जाणार. म्हणजे आत्ताच गेल्यात जमा आहे. महाराज, ब्रेंटला फोन लाव. मी हात दिलाय त्याला."

मी फोन काढला. लावत मात्र नव्हतो. नुसता चष्मा शोधत होतो. चष्मा कपाळावरच होता आणि ते मला ठाऊक होतं. रंगमंचावर वेळ काढायला लागला तर माणूस असलं काहीतरी करतो.

इतक्यात मागून दोन गाड्या आल्या, मागे बोटी, आणि त्यांनी भोंगे वाजवले. उतार एकच, आणि आम्ही त्यावर आडवे बसलेले. रेविन उठली, गाडीत बसली, ट्रेलर वर सपाट रस्त्यावर नेऊन बाजूला लावला. त्या बोटी उतरेपर्यंत सेल्विन म्हणाला, "बघू तरी मला." त्याने तार घातली, काढली आणि डोळे बारीक केले.

"आहे की तेल. रेघेवर आहे."

"सेल्विन, आज थट्टा नको."

"अगं, थट्टा कसली, बघ!"

तिने बघितलं. रेघेवर होतं. बरोबर रेघेवर.

रेविनने माझ्याकडे बघितलं, जणू मीच खिशातून ओतलं. मग ती गाडीत बसली आणि उतार रिकामा होताच ट्रेलर पुन्हा अर्ध्यावर नेला. तार. कोरडी. पुन्हा वर रस्त्यावर. तार. रेघेवर. पुन्हा खाली. कोरडी. काठावरची माणसं हातातलं काम सोडून बघायला लागली.

"रेविन," सेल्विनला राहवलं नाही, "झोपवतेयस का बोटीला? अंगाई म्हणू?"

तिने ऐकलं नाही. ती उताराच्या मध्यावर उभी होती, हातात तार, आणि बघत होती ती तारेकडे नाही, उताराकडे. वरून खाली. खालून वर.

"महाराज," ती हळूच म्हणाली, "जुनी शेड आठवते?"

न आठवायला काय झालं! मर्डोची शेड नदीच्या काठावर होती, थेट उतारावर बांधलेली, म्हणजे बोट ढकलली की पाण्यात. त्या शेडमध्ये माझा कप कधी टेबलावर राहिला नाही. पाना ठेवला तर घरंगळत नदीकडे निघायचा, म्हणून त्याने टेबलाच्या कडेला पट्टी ठोकली होती. तो गेल्यावर जुलैच्या पुरात नदीने ती शेड, पट्टीसकट, उचलून नेली. रेविन गावात सपाट जागी राहायला आली. गुळगुळीत फरशीचं गॅरेज, सगळ्यांनी कौतुक केलं.

"तिथे बोटीचं तोंड वर असायचं," मी म्हणालो.

"तोंड वर. आणि कांडीचं भोक पेटीच्या तोंडाकडच्या अंगाला." ती तळहात तिरका करून दाखवायला लागली. "ताट कलतं केलं की आमटी एका काठाला जाते. तेल मागे जायचं. पुढे भोकापाशी थोडंच दिसायचं. आणि त्या थोड्यावर त्याने रेघ मारली. उतारावर ती रेघ बरोबर होती. सपाटीवर..." तिने तळहात सरळ केला. "सपाटीवर मी त्याच रेघेपर्यंत भरते आहे. दोन वर्षं. अर्ध्या तेलावर चालवते आहे मी ही बोट. आणि टिपेनेने पुरं घातलेलं तेल मी पिचकारीने काढून टाकते आहे!"

काठावरच्या सगळ्यांनी माना तिरक्या करून उतार बघितला. सेल्विननेसुद्धा.

मग ती भडकली. माझ्यावर नाही, सेल्विनवर नाही. तोंड नदीकडे, जिथे शेड होती त्या दिशेला, आणि आवाज असा की मागच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोहोचावा.

"मर्डो पॅस्को! बेचाळीस वर्षं संसार केला तुझ्याशी! साखर कुठल्या डब्यात ते रोज विचारायचास, आणि हे सांगायला तुला एक दिवस सापडला नाही?"

काठावरच्या एका माणसाने टोपी काढली. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

तिने उतारावरच, बोटीचं तोंड वर असताना, तेल भरायला घेतलं. मी बॅटरी धरली, भर दुपारी, कारण सवय. पिचकारी रिकामी झाली, पुन्हा भरली. तार रेघेला लागेपर्यंत किती गेलं ते सेल्विन मोजत होता. घरी भरलेलं आणि आता भरलेलं मिळून एक कप आणि वर पाव झालं, फार तर एखादा चमचा इकडेतिकडे. सकाळी गॅरेजातून खिशात घातलेलं टिपेनेचं बिल मी काढलं आणि त्याची मागची बाजू वर केली. तिने ते वाचलं आणि दातओठ खाल्ले.

"टिपेनेला कुणी सांगायचं नाही," ती म्हणाली. "सेल्विन, मी तुझ्याकडे बघून बोलतेय."

"माझ्या तोंडून शब्द नाही."

"पबमध्ये?"

"पबमध्ये मी देवाशी बोलतो, रेविन. त्याला आधीच ठाऊक असतं."

बोट पाण्यात गेली. मी पुढे बसलो, घोंगड्यांच्या गाठोड्यावर. तिने बोट आधी हळू चालवली, कान मागे लावून, गाडीत कुठलं मूल रडतंय हे ओळखणाऱ्या बसवालीसारखी. जेटचा आवाज एकसुरी होता. पहिलं वळण. दुसरं. जिथे पहिलं बेअरिंग गेलं होतं तो बीचच्या झाडाचा वाळलेला ओंडका आला आणि मागे पडला. तेव्हा तिने वेगाचा दांडा पुढे रेटला, आणि गोट्यांवरच्या वीतभर पाण्यावरून आम्ही अशा वेगाने निघालो की माझी टोपी आजही त्या नदीतच आहे. सेल्विन मागून येत होता, निळा दोर हातात तयार धरून. खोपीपर्यंत आला, दोर गुंडाळला, आणि हिरमुसल्या तोंडाने परत गेला.

त्या हंगामात मासे बेताचेच होते. तक्रार कुणी केली नाही. रेविन अंड्यात मासे कालवून तव्यावर टाकायची, पावात घालून माझ्या हातात द्यायची आणि म्हणायची, "खा, आणि मीठ कमी आहे म्हणू नकोस." मीठ कमी असायचं. मी म्हटलं नाही. दोन महिने बोट एकदाही खोकली नाही.

ऑक्टोबरच्या अखेरीस ब्रेंट आला. बोट गॅरेजात होती, फरशी सपाट. रेविनने त्याला खोक्यावर बसवलं, माझ्या हातची बॅटरी काढून त्याच्या हातात दिली आणि पिचकारीने तेल ओढलं. बरणी उजेडासमोर धरली. मधासारखं. ब्रेंटने बरणी फिरवून बघितली, तळाशी लोखंडाचा कण आहे का ते बघितलं. नव्हता. त्याने बरणी खाली ठेवली, आणि विकायचा शब्द काढला नाही. हात दिलेला दोन्ही बाजूंना लागू असतो.

तिने नवं तेल मापाच्या कपाने भरलं, टिपेनेच्या आकड्याप्रमाणे. मग तार पुसली आणि भोकात परत बसवायला लागली.

"आई," ब्रेंट म्हणाला, "आता कपाने भरतेस ना? मग ती तार फेकून दे. पुन्हा घोळ नको."

रेविनने तार वर धरली. कानशीची ती रेघ, केसाएवढी, बॅटरीच्या उजेडात चमकली. तिने अंगठा तिच्यावरून फिरवला आणि तार भोकात खोचून दिली.

"फेकायची नाही," ती म्हणाली. "पण एवढी कानस हातात होती, बाबा, तर शेजारी 'उतारावर' एवढं कोरायला तुझ्या बापाचा हात मोडला होता का?"